गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी मोटारसायकल : दोष शोधण्याची पद्धत

सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होणारी, दहा-पंधरा किलोमीटर सुरळीत चालणारी आणि इंजिन पुरेसे तापताच कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडणारी मोटारसायकल हा जुन्या वाहनांच्या मालकांचा परिचित अनुभव आहे. अर्धा तास थांबले की तीच गाडी काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत ती थंड झालेली असते आणि मेकॅनिकसमोर अगदी शहाण्यासारखी वागते. परिणामी अंदाजाने प्लग बदलला जातो, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर, आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

न्यूझीलंडमध्ये या प्रश्नाला विशेष संदर्भ आहे. येथील दुग्धव्यवसायाच्या आणि मेंढपाळीच्या शेतांवर ‘यामाहा एजी १००’ व ‘एजी २००’ यांसारख्या, खास शेतीसाठी बांधलेल्या मोटारसायकली अनेक दशके राबल्या. ‘एजी’ ही अक्षरे ‘ॲग्रिकल्चर’ या शब्दावरूनच आली. जुनी यंत्रे स्वतः दुरुस्त करून वापरण्याची परंपराही येथे खोल रुजलेली आहे. इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांनी १९२० सालची ‘इंडियन स्काउट’ आपल्या शेडमध्ये वर्षानुवर्षे सुधारली आणि १९६७ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिल येथे ताशी सुमारे २९६ कि.मी. वेगाचा, हजार सी.सी.खालील गटातील विक्रम नोंदवला. त्यांची गाडी आजही इन्व्हरकार्गिलमधील ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात पाहता येते.

ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन किंवा क्राइस्टचर्च येथे स्थायिक झालेल्या मराठी व्यावसायिकांपैकी अनेकांनी महाविद्यालयीन वयात बुलेट, येझदी किंवा ‘आरएक्स १००’ चालवलेली असते. त्या आठवणीपोटी येथे जुनी जपानी किंवा ब्रिटिश गाडी घेणारे कमी नाहीत. मात्र पुण्यात कोपऱ्यावरचा मेकॅनिक तासाभरात जे करून देत असे, ते येथे ताशी मजुरीच्या दराने महाग पडते, आणि कार्ब्युरेटरच्या काळातील गाड्यांना हात लावणारी गॅरेजेही मर्यादित आहेत. म्हणून दोष शोधण्याची पद्धत स्वतःला ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

लक्षण काय सांगते

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणातील हवा-पेट्रोल मिश्रण, योग्य क्षणी पडणारी पुरेशी ठिणगी आणि पुरेसे कॉम्प्रेशन. गरम झाल्यावर बंद पडणारे इंजिन यांपैकी एखादी गोष्ट तापमान वाढल्यावर गमावत असते. त्यामुळे पहिला प्रश्न ‘कोणता भाग बदलावा’ हा नसून ‘बंद पडण्याच्या क्षणी तिघांपैकी काय नाहीसे होते’ हा आहे.

बंद पडण्याची रीत याचे पहिले उत्तर देते. चावी फिरवून बंद करावी तसे इंजिन एकदम थांबले, तर संशय ठिणगीवर घ्यावा. आधी ओढ कमी झाली, धक्के बसले, थ्रॉटल पिळूनही वेग वाढेना आणि मग काही सेकंदांत इंजिन विझले, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा. रस्त्यावर व्यवस्थित चालणारी गाडी केवळ सिग्नलला थांबल्यावर बंद पडत असेल, तर संथ गतीचे म्हणजे स्लो जेट, हवेची गळती, चोक किंवा वॉल्व्हची फट यांकडे लक्ष द्यावे. विजेवर चालणारे आरपीएम मीटर असलेल्या गाड्यांत आणखी एक खूण मिळते : चाके फिरत असताना, क्लच न दाबता, काटा एकदम शून्यावर आला तर इग्निशनच्या मूळ विद्युतप्रवाहात खंड पडला असण्याची शक्यता मोठी असते.

दुसरा महत्त्वाचा भेद ‘तापमान’ आणि ‘वेळ’ यांचा आहे. वीस मिनिटांनी बंद पडणारी प्रत्येक गाडी उष्णतेमुळेच बंद पडते असे नाही. टाकीत हळूहळू निर्माण होणारी पोकळी, हळूहळू रिकामी होणारी बॅटरी किंवा पेट्रोलच्या जाळीवर साचत जाणारा गंज हेसुद्धा वीस मिनिटे घेतात. उभ्या गाडीचे इंजिन तेवढाच वेळ संथ गतीने चालू ठेवून दोष येतो का, हे पाहिल्यास हा भेद बराच स्पष्ट होतो. मात्र हवेने थंड होणारे इंजिन उभ्या गाडीवर दीर्घकाळ चालवू नये. समोर मोठा पंखा ठेवावा आणि काही मिनिटांपुरतीच ही चाचणी करावी.

आधी सुरक्षितता

ताशी १०० कि.मी. वेगाच्या महामार्गावर इंजिन थांबणे ही गैरसोय नव्हे, धोका आहे. ऑकलंडच्या हार्बर ब्रिजवर गाडी बाजूला घेण्यासाठी मोकळी पट्टी नाही. अशा ठिकाणी संशयित गाडी नेऊच नये. दोषाचा शोध चालू असताना चाचणीसाठी कमी वर्दळीचा, रुंद कडा असलेला रस्ता निवडावा. मार्गावर अडचण आल्यास न्यूझीलंडमध्ये मोबाइलवरून तारांकित ५५५ या क्रमांकावर रस्त्यावरील अडथळ्याची माहिती देता येते. जीवितास धोका असल्यास १११ हाच क्रमांक लावावा.

रस्त्यावर चाचणी घेण्यासाठी गाडीकडे चालू ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ आणि चालू ‘रेगो’ हवा. हिवाळ्यात शुल्क वाचवण्यासाठी अनेक मालक जुन्या गाडीचा रेगो ‘होल्ड’वर ठेवतात; त्या काळात ती चाचणीसाठीसुद्धा सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. वॉरंटची तपासणी ब्रेक, टायर, दिवे, सांगाडा अशा सुरक्षिततेच्या बाबींची असते. वॉरंट मिळाले म्हणजे इंजिन निर्दोष आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ठिणगी तपासताना प्लगच्या भोकातून उडणारे पेट्रोलचे वाफारे पेट घेऊ शकतात. म्हणून तपासणीचा प्लग त्या भोकापासून दूर, पण इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवूनच धरावा.

बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे

सर्वाधिक मोलाचा पुरावा गाडी बंद पडल्यानंतर लगेचच मिळतो. चाचणीच्या फेरीवर निघताना प्लगचा पाना, एक नवा प्लग, एक छोटी बाटली, चिंधी आणि शक्य असल्यास साधा मल्टिमीटर सोबत असावा. गाडी थांबताच पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट टाकीचे झाकण उघडण्याची. हवा आत ओढली जाण्याचा ‘सुस्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. हा दोष इतका क्षुल्लक असतो की अनेकदा तो सर्वांत शेवटी सापडतो. छिद्र साफ करणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेला निचऱ्याचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत घेण्याची. धार जोरात येऊन काही सेकंदांत थेंब-थेंब झाली, तर वाटीत पेट्रोल होते पण मागून पुरवठा पुरेसा नाही. काहीच आले नाही तर पुरवठा आधीच तुटलेला आहे. एकसारखी धार चालू राहिली तर पेट्रोलचा पुरवठा निर्दोष मानून पुढे जावे. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल पडणार नाही याची काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट ठिणगीची. सोबतचा नवा प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि किक मारावी किंवा सेल्फ दाबावा. निळसर, खणखणीत आवाजाची ठिणगी निरोगी समजावी. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून पडणारी ठिणगी संशयास्पद. उघड्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबाखालीही पडेलच असे नाही. म्हणून सुमारे ६ मि.मी. अंतर ठेवता येणारे ठिणगी-तपासनीचे स्वस्त साधन जवळ असल्यास निष्कर्ष अधिक भक्कम होतो.

चौथी गोष्ट कॉम्प्रेशनची. किक नेहमीपेक्षा हलकी जात असेल, पायाला विरोध जाणवत नसेल, तर वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत हा संशय घ्यावा. याउलट किक जड झाली असेल किंवा हलतच नसेल, तर पुन्हा जोर लावू नये. पिस्टन अडकू लागल्याची ती खूण असू शकते, विशेषतः टू-स्ट्रोक गाड्यांत.

गाडी थंड होण्याआधी या चार नोंदी हाती आल्या, की पुढचा शोध निम्म्याने कमी होतो.

इंधनाचा मार्ग

टाकीच्या आत गंज असेल तर तो पेट्रोलच्या कॉकमधील जाळीवर जाऊन बसतो. संथ वेगात पुरवठा पुरतो. चढावर किंवा जास्त वेगात पुरत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीनंतरच्या अनेक जपानी गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर उघडणारा कॉक असतो. त्यातील रबरी पडदा फाटल्यास किंवा ताठ झाल्यास पेट्रोल थांबते. अशा कॉकवर ‘प्राइम’ अशी खूण असते. त्या स्थितीत पेट्रोल थेट वाहते. बंद पडलेली गाडी ‘प्राइम’वर ठेवताच सुरू झाली, तर पडद्याची तपासणी करावी.

केवळ चोक ओढूनच चालणारी आणि चोक मागे ढकलताच बंद पडणारी गाडी हा वेगळा प्रकार. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, ते चोक पुरवतो; गरम इंजिनाला तो नको असतो. चोकवाचून इंजिन टिकत नसेल तर मूळ मिश्रण पातळ आहे, आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण बुजलेला स्लो जेट हे होय. गाडी काही महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. केसाएवढे छिद्र बुजण्यास तेवढा थर पुरेसा असतो. जेट तारेने कोरू नये, छिद्र मोठे होते. क्लीनर आणि दाबाची हवा यांनीच तो साफ करावा.

याच्या उलट प्रकारात चोक पूर्ण बंद होत नाही किंवा वाटीतील फ्लोट वर ठेवणारी सुई झिजलेली असते. थंड असताना जास्तीचे पेट्रोल सोसवते, गरम झाल्यावर इंजिन गुदमरते. काळा, काजळी धरलेला प्लग आणि सायलेन्सरमधून येणारा पेट्रोलचा वास ही त्याची लक्षणे.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारी रबरी नळी वयानुसार ताठ होऊन तडकते. गरम झाल्यावर तड रुंदावते, तेथून जास्तीची हवा आत जाते, आणि थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वर लटकतात किंवा इंजिन विझते. ही गळती शोधण्यासाठी काही जण ज्वालाग्राही क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर ते धोक्याचे आहे. पाण्याचा बारीक फवारा मारून इंजिनाच्या आवाजात फरक पडतो का, हे पाहणे अधिक सुरक्षित.

पेट्रोलच्या नळीत वाफ साचून पुरवठा अडणे, म्हणजे ‘व्हेपर लॉक’, हे कारण वारंवार सांगितले जाते. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असून त्यातील सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. नळी इंजिनाला चिकटून जात असेल, किंवा चुकीच्या जागी धातूचा फिल्टर बसवला असेल, तर हा दोष संभवतो. नळीचा मार्ग बदलणे आणि तिला उष्णतारोधक आवरण देणे हा उपाय. तथापि, वरील सर्व कारणे तपासल्यानंतरच याकडे वळावे.

इथेनॉलचाही विचार करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये काही पंपांवर १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, तर भारतात आता २० टक्के मिश्रण सर्वत्र रूढ झाले आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने तेच जेट ठेवल्यास मिश्रण पातळ होते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबराला फुगवते. जुन्या गाडीत शक्यतो इथेनॉलविरहित पेट्रोल भरावे, आणि ती दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

ठिणगीचा मार्ग

खऱ्या अर्थाने उष्णतेमुळे उद्भवणारे दोष बहुधा येथेच सापडतात. कॉइल म्हणजे तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेटोळी. तापल्यावर तार प्रसरण पावते. आत कोठे तुटकी जोडणी असेल तर ती उघडते, आणि आवरण जीर्ण झाले असेल तर वेटोळी एकमेकांशी शॉर्ट होतात. थंड झाल्यावर सारे पूर्ववत. म्हणून कॉइल थंड असताना मोजून ‘ठीक आहे’ म्हणणे निरर्थक ठरते.

येथे एक हिशोब लक्षात ठेवण्याजोगा आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवर ४ ओहम दाखवणारे वेटोळे १०० अंशांवर सुमारे ५.३ ओहम दाखवेल, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र गरम अवस्थेत आकडा अनंताकडे गेला, किंवा वाढण्याऐवजी घटला, तर दोष सापडला असे समजावे.

पॉइंट असलेल्या गाड्यांत, म्हणजे जुन्या ब्रिटिश गाड्या, जुनी बुलेट, येझदी आणि साठ-सत्तरच्या दशकांतील बहुतेक जपानी गाड्यांत, कंडेन्सर हा पहिला संशयित असतो. मायक्रोफॅरडच्या पाव भागाएवढ्याच क्षमतेचा हा लहानसा भाग पॉइंट उघडताना उडणारी ठिणगी शोषून घेतो. तो निकामी होऊ लागला की पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडतात, त्यांची तोंडे जळतात आणि प्लगवरची ठिणगी क्षीण होते. मॅग्नेटोच्या आत बसवलेला कंडेन्सर इंजिनाच्या उष्णतेत सतत भाजत असतो. नवा, योग्य क्षमतेचा कंडेन्सर बाहेर, कॉइलजवळ बसवणे हा अनेक मालकांनी स्वीकारलेला उपाय आहे. पॉइंटची फट बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.४ मि.मी. असते, नेमका आकडा त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा.

ऐंशीच्या दशकापासूनच्या सीडीआय पद्धतीच्या गाड्यांत संशयाची तीन ठिकाणे असतात : मॅग्नेटोतील पुरवठा-कॉइल, ठिणगीची वेळ सांगणारी पिकअप कॉइल आणि खुद्द सीडीआय पेटी. पेटी सर्वांत महाग, आणि बहुधा सर्वांत आधी बदलली जाते. प्रत्यक्षात आधी दोन्ही कॉइल गरम अवस्थेत मोजाव्यात. प्लगच्या कॅपमध्येही बहुधा ५ हजार ओहमचा रोध असतो. तो तुटला तर आकडा कित्येक पटींनी वाढतो. कॅप स्वस्त असल्याने ती तपासून मगच पुढे जावे.

इंजिन बंद करण्याचा स्विच, साइड-स्टँडचा स्विच आणि हँडलच्या मानेपाशी सतत वाकणाऱ्या तारा यांचाही दोष ‘गरम झाल्यावर’ येतो असे भासते, कारण कंपनाचा परिणाम काही किलोमीटरनंतर दिसतो. इंजिन चालू असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिल्यास हे लगेच उघड होते.

वॉल्व्हची फट आणि कॉम्प्रेशन

तापल्यावर वॉल्व्हची दांडी लांबते. यासाठीच थंड अवस्थेत तेथे सूक्ष्म फट ठेवलेली असते. लहान, हवेने थंड होणाऱ्या जपानी इंजिनांत ती साधारण ०.०५ ते ०.१० मि.मी. असते. वॉल्व्ह आणि त्याची बैठक झिजत गेली की वॉल्व्ह आत सरकतो आणि ही फट हळूहळू नाहीशी होते. मग थंड इंजिन नीट चालते, पण गरम झाल्यावर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि सिग्नलला गाडी विझते. आवाज करणारे टॅपेट मालकाला अस्वस्थ करतात. प्रत्यक्षात आवाज थांबलेले, घट्ट झालेले टॅपेट अधिक घातक. जुन्या बुलेटमध्ये फट मोजण्याऐवजी, थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी मोकळेपणाने फिरतात का हे पाहण्याची रीत आहे.

बैठक झिजण्यामागे शिसेविरहित पेट्रोलचाही वाटा असू शकतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ मध्ये, तर भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. पेट्रोलमधील शिसे जुन्या, मऊ बैठकांना संरक्षण देत असे. त्यापूर्वीच्या आणि सतत जास्त वेगाने चालवल्या जाणाऱ्या गाडीत टॅपेट वारंवार घट्ट होत असतील, तर हेड उघडून कठीण धातूच्या बैठका बसवणे हाच टिकाऊ उपाय.

टू-स्ट्रोक इंजिनात वॉल्व्ह नसतात. तेथे क्रँकचे सील पाहावे लागते. मॅग्नेटोच्या बाजूचे सील ताठ झाले की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन अवाजवी तापते. ‘आरएक्स १००’ किंवा ‘एजी १००’ यांसारखी गाडी तापल्यावर ओढ गमावत असेल आणि आरपीएम आपोआप चढत असतील, तर ती तशीच रेटू नये. पिस्टन अडकल्यास चाक लॉक होऊ शकते. अशा वेळी तत्काळ क्लच दाबावा.

बॅटरी आणि चार्जिंग

बॅटरीवर ठिणगी अवलंबून असलेल्या गाड्यांत रेग्युलेटर-रेक्टिफायर हा भाग तापल्यावर काम सोडतो. मग गाडी बॅटरीतील साठ्यावर चालते आणि साठा संपताच बंद पडते. अर्धा तास विसावल्यावर बॅटरीचा दाब किंचित सावरतो, गाडी सुरू होते आणि मालकाची दिशाभूल होते. तपासणी सोपी आहे. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास असताना ती सर्वसाधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. हे मोजमाप थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत घ्यावे. गरम अवस्थेत आकडा १२.५ च्या खाली घसरत असेल, तर कार्ब्युरेटर उघडण्याची गरज नाही.

थंडीतील फसवा दोष

न्यूझीलंडच्या दमट हिवाळ्यात एक असा दोष दिसतो, जो पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या चालकाच्या कल्पनेतही नसतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि तेथील हवा बरीच थंड होते. बाहेरचे तापमान शून्यावर पाच-दहा अंश असले आणि हवेत भरपूर ओलावा असला, तर थ्रॉटलच्या पडद्यापाशी बर्फ जमतो. पंधरा मिनिटांनी इंजिन अडखळते आणि विझते. गाडी उभी केल्यावर इंजिनाची उष्णता वर येऊन बर्फ वितळवते, आणि दहा मिनिटांनी सारे सुरळीत होते.

बाहेरून पाहता हे ‘गरम झाल्यावर बंद पडणे’च दिसते; प्रत्यक्षात कारण नेमके उलटे असते. दोष फक्त थंड, धुकट सकाळी येतो आणि कोरड्या उन्हाळी दुपारी येत नाही, ही त्याची ओळख. थंड हवामानाच्या देशांसाठीच्या काही गाड्यांत कार्ब्युरेटरला छोटे विजेचे हीटर दिले जात. ते चालू आहेत का, हे पाहावे. क्राउन रेंजसारख्या, १,०७६ मीटर उंचीवर जाणाऱ्या रस्त्यांवर थंडी आणि विरळ हवा अशा दोन्ही गोष्टी एकत्र येतात, हेही ध्यानात ठेवावे.

दोष घरी घडवून आणणे

रस्त्यावर पुरावा मिळाला नाही, तर एकेक भाग स्वतंत्रपणे तापवून पाहता येतो. इंजिन थंड असताना ते सुरू करावे आणि केस वाळवण्याच्या ड्रायरने केवळ कॉइल तापवावी. इंजिन अडखळले तर उत्तर मिळाले. नाही तर थोडा विश्रांतीचा काळ देऊन सीडीआय पेटी, मग रेग्युलेटर असा क्रम घ्यावा. ड्रायर पेट्रोलच्या नळीजवळ किंवा गळक्या कार्ब्युरेटरजवळ वापरू नये. याच तत्त्वाची उलटी चाचणी रस्त्यावर करता येते : बंद पडलेल्या गाडीच्या फक्त कॉइलवर गार पाण्यात पिळलेली चिंधी ठेवावी, वायरीच्या जोडण्या कोरड्या राहतील असे पाहावे, आणि नेहमीपेक्षा लवकर गाडी सुरू होते का, हे नोंदवावे.

एका वेळी एकच बदल करणे ही या कामाची मुख्य शिस्त. प्लग, कॉइल आणि कार्ब्युरेटर एकाच दिवशी बदलल्यास गाडी सुरू होईलही. पण दोष कशात होता हे कधीच कळणार नाही, आणि दोष परत आल्यास शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.

जुनी गाडी विकत घेताना

हा दोष लपवायला सर्वांत सोपा. विक्रेता पाच मिनिटांची फेरी देतो आणि गाडी उत्तम चालते. म्हणून गाडी पाहायला जाण्यापूर्वी ‘इंजिन थंड ठेवा’ असे कळवावे, पोहोचताच हाताने इंजिनाला स्पर्श करून पाहावे, आणि कमीत कमी अर्ध्या तासाची फेरी घ्यावी. परत आल्यावर इंजिन बंद करून लगेच, आणि पुन्हा दहा मिनिटांनी, सुरू करून पाहावे.

न्यूझीलंडमध्ये नोंदणीकृत विक्रेत्याकडून वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या गाडीला १९९३ च्या ‘कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट’चे संरक्षण मिळते आणि वाद ‘मोटर व्हेईकल डिस्प्युट्स ट्रायब्युनल’कडे नेता येतो. वयाप्रमाणे अपेक्षित झीज मात्र त्यात धरली जाते. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या गाडीला हा कायदा लागू होत नाही. विक्रेत्याने चुकीचे विधान करून गाडी विकली असेल तर २०१७ च्या ‘कॉन्ट्रॅक्ट अँड कमर्शियल लॉ ॲक्ट’खाली ‘डिस्प्युट्स ट्रायब्युनल’कडे दाद मागता येते. म्हणून ‘गरम झाल्यावर गाडी बंद पडते का?’ हा प्रश्न लेखी संदेशाद्वारे विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे.

सुट्या भागांसाठी अनेक जण भारतवारीत पुण्याच्या नाना पेठेची वाट धरतात. बुलेट किंवा येझदीचे भाग तेथे सहज मिळतात. मात्र वापरलेला कार्ब्युरेटर किंवा पेट्रोलचा कॉक सामानात ठेवू नये. पेट्रोलचा अंश असलेल्या वस्तू विमानात नेण्यास मनाई आहे. मातीचा अंश असलेले जुने भाग न्यूझीलंडच्या जैवसुरक्षा तपासणीत अडकतात. नवे, वेष्टनातील भागच आणावेत, आणि पावती सोबत ठेवावी.

नोंदवही

गॅरेजमध्ये गाडी न्यायचीच झाली, तर मालकाने दिलेली माहिती सर्वांत जास्त मजुरी वाचवते. बंद पडेपर्यंतचे किलोमीटर आणि मिनिटे, बाहेरचे तापमान, टाकीतील पेट्रोलची पातळी, बंद पडण्याची रीत, ठिणगी होती की नव्हती, वाटीत पेट्रोल होते की नव्हते, आणि किती वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली, या सात बाबी प्रत्येक वेळी टिपून ठेवाव्यात. तीन-चार नोंदींनंतर बहुधा एकच मार्ग शिल्लक उरतो. ‘व्हिंटेज कार क्लब ऑफ न्यूझीलंड’च्या शाखांमध्ये मोटारसायकलींचे जाणकार सभासदही असतात, विशिष्ट मॉडेलच्या खोडी त्यांना ठाऊक असतात, आणि अशी नोंदवही घेऊन गेल्यास त्यांचा सल्ला अधिक नेमका मिळतो.

दुरुस्ती झाल्यावर मूळ दोष ज्या परिस्थितीत आला, त्याच परिस्थितीत निदान तीन वेळा गाडी चालवून पाहावी. तोपर्यंत ती महामार्गावर किंवा मागे कोणाला बसवून नेऊ नये.